बाण कुठे पोचतो?

तुमच्या कम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'हीच खरी फायनल' अशा तीन फायली आहेत ना? लाजू नका, माझ्याकडे पाच आहेत! मास कॉम करून फ्रीलान्सिंग करणाऱ्या मुलीला ते परवडतं. चुकीची फाइल गेली तर एडिटर ओरडतो, मी सॉरी म्हणते, विषय संपतो.

माझ्या मामेबहिणीचा विषय तिथे संपत नाही. ताई साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या युनिटमध्ये इलेक्ट्रिकल डिझाइन करते. पंपहाउसमध्ये कपाटाएवढी कंट्रोल पॅनेल्स असतात ना, त्यांची ड्रॉइंग्ज. मागच्या वीकेण्डला मी तिच्याकडे गेले ती कास आणि कंदी पेढे एवढ्याच अजेंड्यावर. पण शनिवारी तिची डेडलाइन निघाली. मग काय, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

काळ्या स्क्रीनवर रंगीत रेघांचं जंगल. त्यातली एक रेघ थेट पानाच्या कडेला जाऊन संपलेली.

"ही पुढे कुठे जाते?" मी सहज विचारलं.

"माझा निम्मा पगार ह्याच प्रश्नाचा आहे," ताई म्हणाली.

फंडा असा आहे बघा. मोठ्या पॅनेलचं ड्रॉइंग एका शीटवर मावत नाही. ह्या पॅनेलची ६२ शीट्स होती. शीट ९ वरून निघालेली वायर शीट १४ वर पोचते. कागदावर ती मध्ये तुटते, पॅनेलमध्ये मात्र ती अखंड एकच असते. म्हणून कडेला बाण काढायचा आणि लिहायचं, पुढे अमुक शीट, अमुक ओळ. समोरच्या शीटवर तसाच दुसरा बाण, मागून कुठून आलो ते सांगणारा.

ऑटोडेस्क कंपनीचं साधं ऑटोकॅड १९८२ सालचं. त्यात तुम्ही हा बाण काढलात तर ते नुसतं चित्र असतं. मध्ये एक शीट वाढलं की १४ चं १५ होतं, बाण बिचारा १४च म्हणत बसतो. त्याला कुणी कळवलेलंच नसतं! इलेक्ट्रिकलवाल्यांसाठीचं ऑटोकॅड इलेक्ट्रिकल त्यानंतर दोन दशकांनी आलं. त्यात दोन्ही टोकांच्या बाणांना एकच नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'पंप३स्टार्ट'. मग कोण कुठल्या शीटवर, कितव्या ओळीवर आहे हे सॉफ्टवेअर स्वतः शोधून लिहितं आणि वायरचा नंबरही पलीकडे पोचवतं. रिलेचंही तेच. कॉइल एका शीटवर, तिचे कॉन्टॅक्ट चार वेगळ्या शीट्सवर. सॉफ्टवेअरच्या भाषेत कॉइल ही पेरेंट आणि कॉन्टॅक्ट ही चाइल्ड. आईचा नंबर बदलला की पोरांचा बदलतो. रिलेची नीट माहिती भरलेली असेल तर चार कॉन्टॅक्टच्या रिलेला तुम्ही पाचवा जोडलात की तक्रारही येते. आणि 'सर्फर' नावाची एक सोय आहे, खुणेवर क्लिक केलं की थेट दुसऱ्या शीटवर उडी! सॉलिड ना?

"पण भोळं आहे गं ते," ताई म्हणाली. नावात एका अक्षराचा फरक पडला तर जोडी जुळत नाही. ड्रॉइंग प्रोजेक्टच्या यादीत नसेल तर त्याच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. शीट्स मागेपुढे केल्यावर अपडेट द्यायला विसरलात तर जुनेच आकडे छापले जातात. आणि घाईत कुणी सिम्बॉल फोडला, म्हणजे 'एक्स्प्लोड' केला, की आतली अक्कल गेली, उरल्या नुसत्या रेघा.

रात्री नऊ वाजता एरर रिपोर्ट कोरा आला. झालं! मी टाळ्या वाजवल्या. ताईने मात्र ६२ च्या ६२ शीट्सचे ए-थ्री प्रिंट काढले.

"पीडीएफ मेल कर की!"

"आधी बाबा बघणार," ती म्हणाली. "उद्या सांगली."

टप्प्याटप्प्याने

रविवारी गाडीने निघालो. कराड आलं तशी ताई म्हणाली, इथून जवळच टेंभू. सातारा जिल्ह्यातल्या ह्या टेंभूपाशी कृष्णेचं पाणी उचलून, टप्प्याटप्प्याने वर चढवत सांगलीच्या खानापूर-आटपाडीपर्यंत आणि पुढे सोलापुरातल्या सांगोल्यापर्यंत नेलंय. "आता विचार कर. खालचे पंप चालू आणि पुढच्या टप्प्यावरचे बंद, तर पाणी जाणार कुठे?" म्हणून अशा योजनांमध्ये एका ठिकाणची खबर दुसऱ्या ठिकाणी पोचावी लागते. तिचं पॅनेल एका गावच्या लहानशा पाणीयोजनेचं, पण गणित तेच. एक पंप तयार नसेल तर दुसऱ्याला सुरू होऊ न देणारी वायर असते, तिला इंटरलॉक म्हणतात. ती बऱ्याचदा शेजारच्या पॅनेलमधून येते. म्हणजे तुम्ही ह्या पॅनेलचा मेन स्विच बंद केलात तरी ती वायर जिवंतच! आयईसी ६०२०४-१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा वायरींसाठी नारिंगी रंग सांगितलाय, तो ह्याचसाठी.

टाकारी गेलं, किर्लोस्करवाडी आली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेली, आजही पंपांचं गाव. ताई खिडकीबाहेर बघत होती.

माझ्या मामांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. आम्हा भाचरांना वाटायचं ती जन्मापासूनच तशी. विचारायचं कधी कुणाला सुचलं नाही. त्या दुपारी जेवणं झाल्यावर मामांनी चष्मा लावला, भडंगाची वाटी बाजूला सारली, शिसपेन्सिल घेतली आणि ताईचा गठ्ठा पुढ्यात ओढला. प्रत्येक बाण ह्या शीटवर बघायचा, पलीकडचं शीट काढून तिथला बघायचा, दोन्हीकडे टिक. तासभर झाला तरी शीट २० सुद्धा आलं नव्हतं.

"मामा, सॉफ्टवेअरने चेक केलंय हो हे," मी म्हटलं.

"बरोबर हाय त्याचं," मामा म्हणाले. "पर हात त्याचा न्हाई ना जाणार आत."

मग त्यांनी सांगितलं. मामा तेव्हा एका साखर कारखान्यात वायरमन होते, ताई बालवाडीत. ड्रॉइंग्ज ट्रेसिंग पेपरवर, हाताने काढलेली. ऐन गळीत हंगामात एक मोटर अडली. प्रिंटवर बाण होता, 'पुढे शीट ११'. मामांनी ११ काढलं. सप्लाय आपल्याच पॅनेलचा दिसला. मेन स्विच पाडला, हात घातला. पण मधल्या दुरुस्तीत कुणीतरी एक शीट घुसवलं होतं. जुनं ११ आता १२ झालं होतं आणि त्यावर लिहिलं होतं की वायर शेजारच्या पॅनेलमधून येते.

"टेस्टर खिशात होता की," मामा म्हणाले. "लावला न्हाई. कागदावर इस्वास टाकला."

मामी आत भांडी घासत होत्या. तो आवाज थांबला होता, हे मला नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी पाचला शेवटचं शीट झालं. चूक एकही नाही. ताईने श्वास सोडला. मामांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "साइटवर काय बदललं?"

"काही नाही, बाबा."

"बघ जरा आठवून."

ताईने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. बरंच मागे जावं लागलं. एक फोटो सापडला, तीन आठवड्यांपूर्वी फिटरने पाठवलेला. खाली मेसेज, 'मॅडम, टर्मिनल लूज होतं, इंटरलॉक शेजारच्या टर्मिनलला घेतलाय.' त्यावर ताईचा अंगठा. आणि ड्रॉइंगमध्ये वायर अजून जुन्याच टर्मिनलवर! शीट ४१. बाण बरोबर, जोडी बरोबर, रिपोर्ट कोरा. कारण सॉफ्टवेअरने शीटला शीट जोडलं होतं. शीटला पॅनेल जोडायचं काम ताईचं होतं.

हाच सेट पॅनेलच्या दारामागच्या खिशात जाणार होता. पुढची वीस वर्षं रात्री-अपरात्री कुणीतरी तोच काढून, टॉर्च मारून बघणार होतं.

ताई काही बोलली नाही. मामाही रागावले नाहीत. "तीर निघाला कुठनं ते समदे बघत्यात," एवढंच म्हणाले. "पोचला कुठं ते बघायचं."

सोमवारी मी पुण्यात परतले आणि आधी त्या पाच फायनलमधल्या चार डिलीट केल्या. रात्री फॅमिली ग्रुपवर ताईचा मेसेज आला, 'शीट ४१ दुरुस्त. फिटरकडून साइटवर पडताळून घेतलं.' खाली मामांचा अंगठा. दोन मिनिटांनी मामांचा दुसरा मेसेज, 'टेस्टर लावला का इचार.'