संक्रांतीचं बी, पाडव्याची फुलं

दर जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं आणि तिथून घरी निघालेल्या कित्येकांच्या हातात पिटुनियाची फुललेली कुंडी असते. माणसं खूश असतात, म्हणून मी काही बोलत नाही. पण पिटुनिया, पॅन्सी, डेलिया ही सगळी थंडीची फुलं. त्यांचं बी गणपती गेल्यावर, फार तर दसऱ्याच्या सुमारास पडलेलं असतं. जानेवारीत कुंडी विकत घेणं म्हणजे तिसऱ्या अंकाला नाटकाचं तिकीट काढणं. मार्चमध्ये ऊन चटकायला लागलं की पडदा पडतो, आणि मग ‘आमच्याकडे काही जगतच नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं.

चैत्रात बाग फुललेली हवी असेल तर बी आत्ता, संक्रांतीच्या आसपास पेरायला हवं, आणि तेही उन्हाला न भिणाऱ्या झाडांचं. झेंडू, झिनिया, नारिंगी कॉसमॉस, गलांडा, बटणफूल. यांना प्रदर्शनात कोणी बक्षीस देत नाही, पण एप्रिलमध्ये हीच उभी असतात.

झेंडूचा हिशेब तर फारच सोयीचा आहे. संक्रांत सूर्याची, म्हणून तिची तारीख जवळजवळ ठरलेली. पाडवा चंद्राचा, तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पुढेमागे होतो. दोन्हींमध्ये दोन ते तीन महिने असतात. झेंडूला बी ते फूल एवढाच वेळ लागतो: बुटक्या जातीला थोडा कमी, मोठ्या गेंदेदार फुलांच्या जातीला थोडा जास्त. बी चार-सहा दिवसांत उगवतं, तीन आठवड्यांत रोप कुंडीत लावण्याजोगं होतं. महिन्याभराचं झालं की शेंडा खुडायचा. खुडल्यामुळे फूल आठवडा-दीड आठवडा लांबतं, पण एका फुलाच्या जागी आठ-दहा फांद्या फुटतात. पाडवा लवकर आलेला असेल त्या वर्षी मी शेंडा खुडत नाही. गुढीच्या हारापुरती फुलं आधी, झाडाचा घेर नंतर.

बियांच्या पाकिटावरच्या सूचनांकडे मात्र जपून बघावं. त्यातल्या बऱ्याच थंड देशांतल्या पुस्तकांवरून उतरवलेल्या असतात. ‘वसंतात घराबाहेर लावा’ हे न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीला बरोबर लागू पडतं. तिकडे दव गोठण्याची शेवटची रात्र कधी, हे बघून त्याच्या आधीचे आठवडे मोजतात. ती फेब्रुवारीच्या शेवटी तळघरात दिव्यांखाली मिरचीचं बी लावते, खाली ऊब देणारी चटई अंथरते आणि मेच्या मध्यावर रोपं अंगणात नेते. ‘मावशी, तुमचं बरं, तुम्हाला बर्फाची भीती नाही,’ असं ती म्हणते. बर्फाची नाही, एप्रिलची आहे. तिचा हिशेब थंडी कधी संपते याचा, आपला ऊन कधी पेटतं याचा. मार्च संपण्याआधी रोपाची मुळं कुंडीत खोल गेलेली असली पाहिजेत. नाहीतर दुपारी मान टाकलेलं रोप संध्याकाळी पुन्हा उभं राहीलच, याचा भरवसा नाही.

या हिशेबात टोमॅटो काठावर पडतो. दिवसाचं तापमान पस्तीसच्या पुढे आणि रात्रही उबदार, असं झालं की टोमॅटोची फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही. आत्ता बी पेराल तर झाड ऐन उन्हाळ्यात फुलावर येईल. म्हणून टोमॅटोची महिन्याभराची तयार रोपं आणावीत. त्यात कमीपणा नाही. नारायणगावच्या बाजूचे टोमॅटोवाले शेतकरीसुद्धा आता घरी वाफा टाकण्यापेक्षा रोपवाटिकेत आगाऊ नोंदणी करून रोपं घेतात. मिरची आणि वांगं मात्र आत्ता पेरायचं. दोघांनाही ऊन सोसतं, आणि मिरचीचं रोप तयार व्हायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणून तिला वेळ दिलाच पाहिजे.

मिरचीच्या बियांबद्दल ‘उगवतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा थंडीची असते. पंचवीस-तीस अंशांत आठ-दहा दिवसांत येणारी मिरची जानेवारीतल्या पुण्याच्या रात्री तीन आठवडे घेते. रोपवाटिकेत यावर साधा उपाय करतात: पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लॅस्टिकने झाकतात, आतली ऊब आत राहते. घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात पेरावं आणि पिशवी ओढून डबा स्वयंपाकघरात उबेच्या जागी ठेवावा. पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढून डबा उन्हात. इथे दोन दिवसांची दिरंगाई झाली की रोपं पांढरटसर, लांबुडकी होतात आणि मग ती कधीच सावरत नाहीत.

आता रोपांची मर. काल संध्याकाळी तरतरीत असलेली रोपं सकाळी बुंध्याशी काळी पडून आडवी. रोपं कोलमडली, असं रोपवाटिकेतले लोक म्हणतात. हा बुरशीचा रोग, आणि त्याला आमंत्रण आपणच देतो: दाट पेरणी, कोंदट जागा, संध्याकाळी घातलेलं पाणी आणि अर्धवट कुजलेलं शेणखत. कोकोपीट वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं, त्यामुळे हात सारखा झारीकडे जातो. बोट घालून बघावं. शेतकरी वाफसा बघून पेरतो, तसंच डब्यातही: ओल हवी, चिखल नको. पाणी सकाळीच द्यावं. मातीचं मिश्रण आधी दोन-चार दिवस उन्हात पसरून तापवावं, त्यात चिमूटभर ट्रायकोडर्मा मिसळावं. नुसत्या कोकोपीटवर रोप फार दिवस जगवू नये, त्यात खाद्य जवळजवळ नसतंच. पहिली दोन पानं बियांतल्या शिदोरीवर येतात, त्यानंतर रोप पिवळं पडायला लागतं. तिसरा हिस्सा गांडूळखत घातलं तर हा प्रश्न येत नाही. रोपवाटिकावाले एकोणीस-एकोणीस खताचं पातळ पाणी देतात, तेही चालतं.

फ्लॅटवाल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आतपर्यंत येतं आणि रोपं तिथे छान वाढतात. पण मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, आणि त्याच बाल्कनीत उन्हाचा पट्टा कठड्यापलीकडे सरकतो. म्हणजे रोपांची जागा आणि झाडांची जागा एक नसते. कुंड्या पुढे गच्चीवर किंवा पूर्वेच्या खिडकीत न्यायच्या आहेत, हे आत्ताच धरून चाला आणि उचलता येईल एवढीच कुंडी घ्या.

मिरचीच्या पानांची वळकटी होते तो चुरडामुरडा, ज्याला बोकड्या म्हणतात, तो उन्हाळ्यात जोर करतो. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी ही त्याची कारणं, आणि लागण पुष्कळदा रोप लहान असतानाच होते. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ट्रेवर टाकला तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते. कबुतरांपासूनही सुटका होते, ती वेगळीच.

बी कुठून आणायचं? दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू कुंडीत चुरणं ही आपली आवडती पद्धत आहे. तो उगवतोही. पण बाजारातला झेंडू बहुतेक संकरित असतो आणि त्याच्या बियांतून येणारी फुलं आईसारखी निघत नाहीत; लहान, कधी एकेरी पाकळ्यांची येतात. गंमत म्हणून ठीक आहे, हारासाठी नाही. पुसा नारंगी किंवा पुसा बसंती या सरळ जाती मिळाल्या तर घ्या, त्यांचं बी पुढच्या वर्षीही वापरता येतं. भाजीत गावरान वाण शोधा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती हेच काम केलं म्हणून. त्यांनी घरात बियाणं जपलं आणि इतरांना पेरायला दिलं.

तेव्हा या आठवड्यात मिरची, वांगी, झेंडू. भेंडी, गवार, काकडीला रोपांचा खटाटोप नको, फेब्रुवारीत बी थेट कुंडीत टोचा. रोपं कुंडीत हलवण्याआधी आठवडाभर पाणी कमी करून उन्हात कणखर होऊ द्या आणि लावणी संध्याकाळीच करा. रोपं जास्त झाली तर फेकू नका. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधली रोपं कोणत्याच बाल्कनीत मावत नाहीत. सोसायटीच्या जिन्यात नावाची चिठ्ठी लावून ठेवा, मिरचीची रोपं सगळ्यात आधी जातात.