पोटातली धुमसती शेगडी

आपल्याकडे सुटलेल्या पोटाला पूर्वापार मान आहे. जावई वर्षभराने सासुरवाडीस आला आणि त्याच्या सदऱ्याची बटणे ताणलेली दिसली, की सासूबाईंना मुलीचा संसार नीट चालल्याची खात्री पटते. हे कौतुक यंदाच्या दिवाळीत जरा बेताने करावे, असे मला सुचवावयाचे आहे.

चरबी म्हणजे अडीअडचणीची शिल्लक, अशी आपली समजूत. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. फ्रान्समधील मार्सेयचे डॉ. ज्यां वाग यांनी १९४७ सालीच सांगितले होते, की चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते याला महत्त्व आहे. त्वचेखालची चरबी चिमटीत धरता येते. ती त्या मानाने गरीब. खरी खोडकर ती आत, आतड्यांभोवती दडून बसलेली.

बोट कापले की ते लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत बरे होते. हा दाह उपकारक. पण पोटातल्या चरबीच्या पेशी फुगत गेल्या, की काही मरतात. त्यांचा निचरा करण्यास रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्यांतून दाह वाढविणारी द्रव्ये पाझरत राहतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत असे द्रव्य १९९३ साली अमेरिकेत सापडले. पोटातले रक्त थेट यकृताकडे जात असल्याने पहिला चटका यकृताला बसतो. इन्सुलिनचे काम अडखळते, रक्तात साखर साचू लागते, रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. हा काही जठराग्नी नव्हे. ही राखेखाली धुमसणारी शेगडी. ना ताप, ना ठणका. म्हणूनच ती धोक्याची.

"पण मी तर सडपातळ आहे!" असे म्हणणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मधुमेहतज्ज्ञांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. निर्देशांक २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्या लोकांची चरबी अशी वजनकाट्याला हुलकावणी देते.

तेव्हा काटा राहू द्या, शिवणाच्या पेटीतली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. (नवरेमंडळींवर या वेळी नजर ठेवावी!) भारतीय पुरुषांनी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर ओलांडले, की सावध व्हावे. टेप नसल्यास उंचीइतकी सुतळी घेऊन मधोमध दुमडा. ती कमरेभोवती पुरली पाहिजे.

पट्टे आणि मालिश यांवर पैसे घालवू नका. २००४ साली अमेरिकेत काही लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या त्वचेखालची सुमारे दहा किलो चरबी शोषून काढली. दहा-बारा आठवड्यांनी पाहतात तो दाहाच्या खुणा जशाच्या तशा! आतली चरबी हलवायला मोजके खाणे आणि रोजचे चालणेच हवे. समाधानाची गोष्ट ही, की वजन थोडे जरी उतरले, तरी ही आतली चरबी लवकर दाद देते आणि शेगडी निवू लागते. कंबर मर्यादेबाहेर असेल, तर रक्तातील साखर आणि रक्तदाब मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्या.

करंजी खाऊ नका, असे दिवाळीत कोण सांगेल? एक खा, चवीने खा. दुसरीचे ताट शेजारी पोहोचवा. आणि तेही जिना चढून, चालत!