खोडलेलीं नांवें

एकत्र कुटुंबांतील कोठीची खोली आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. जिन्नस संपतो, रिकामा डबा मात्र फळीवरची जागा अडवून बसतो. यंत्रांच्या कोठींतही हाच प्रकार घडतो, हें गेल्या गणेशोत्सवांत आम्हांस कळलें.

आमचा पुतण्या एका कचेरींतील सर्व्हरांचा कारभार पाहतो. तेथील माणसांचीं नांवें, गट व अधिकार यांची खतावणी 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'मध्यें असते. विंडोज २००० बरोबर ही व्यवस्था आली. ऐन गौरीच्या दिवशीं एका सर्व्हरची डिस्क भरत आल्याचा इशारा मिळाला. वरिष्ठांनीं सांगितलें, "सोडून गेलेल्यांचीं नांवें खोडा." नांवें खोडलीं, फाइल तसूभरही लहान झाली नाहीं. मग आज्ञा झाली, "खोडलेल्या नांवांची मुदत दहा दिवसांवर आणा." मुलानें नम्रपणें नकार दिला, आणि रात्रीं घरीं येऊन आम्हांस विचारलें, "काका, मी उद्धटपणा केला काय?"

त्यानें सांगितलेलें कारण असें. खोडलेलें नांव लगेच नाहींसें होत नाहीं. तें खोडल्याची वार्ता इतर सर्व्हरांस पोंचावी म्हणून त्याची खूण ठेवितात. पूर्वीं ६० दिवस, पुढें बहुतेक नव्या मांडणींत १८० दिवस. 'रिसायकल बिन' चालू असेल तर सर्व तपशिलासह नांव आणखी कांहीं काळ राहतें व जागाही अधिक खातें. मुदत सरली कीं दर १२ तासांनीं होणाऱ्या झाडलोटींत तें जातें. तरीही मोकळी झालेली जागा फाइलीच्या आंतच राहते. तींत नव्या नोंदी बसतात, फाइल आंखडत नाहीं. ती आंखडावयाची तर प्रथम प्रत काढून, सेवा थांबवून, 'एनटीडीएसयूटिल'नें नवी दाट फाइल करावी लागते, आणि हें काम प्रत्येक सर्व्हरवर वेगळें करावें लागतें.

मुदत दहा दिवसांची केली, आणि एखाद्या शाखेंतील सर्व्हर पंधरा दिवस बंद राहिला, तर त्यास खोडल्याची वार्ता मिळतच नाहीं. तो परतला म्हणजे गेलेल्यांचीं नांवें घेऊन येतो. दहा दिवसांहून जुनी राखीव प्रतही निरुपयोगी ठरते. चार दिवसांच्या सोयीसाठीं कचेरीचें दार गेलेल्या माणसांस पुन्हां उघडावें काय?

आमच्या मतें मुलानें उद्धटपणा केला नाहीं; कर्तव्य केलें. त्याच डिस्कवर पडलेल्या जुन्या प्रती त्यानें अन्यत्र हलविल्या, आणि विसर्जनानंतरच्या रविवारीं, शांतपणें, फाइल आंखडून घेतली. आतां दर महिन्यास ती किती वाढली हें तो वहींत टिपून ठेवतो.

घरांतील कर्त्या मंडळींस आमची एवढीच विनंति, कीं कोठी सणाच्या आदल्या रात्रीं आवरूं नये. आणि "थांबा" म्हणणाऱ्या तरुणाचें कारण आधीं ऐकून घ्यावें.