कात्री कुणाची, बियाणे कुणाचे?

केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ४ मे २०२५ रोजी जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, तेव्हा चर्चा झाली ती उत्पादनवाढीची. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने ‘सांबा मसुरी’पासून घडविलेला ‘कमला’ आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘एमटीयू १०१०’पासून तयार केलेला ‘पुसा डीएसटी राईस १’ हे ते वाण. हे बियाणे शेतकऱ्याच्या हाती कोणत्या अटींवर पडणार, हा प्रश्न मात्र त्या गजरात मागे पडला.

नियमनाचा अडसर आधीच दूर झाला होता. ज्या संपादित पिकात परके जनुक उरलेले नाही, त्याला १९८९च्या नियमांतील कठोर तरतुदींतून पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी सूट दिली. असे बदल निसर्गातही घडतात, हा त्यामागील युक्तिवाद चुकीचा नाही. पण नियामकासमोर ज्या बदलाला ‘निसर्गासारखा’ म्हणायचे, त्यालाच पेटंट कार्यालयात ‘नवा शोध’ ठरवायचे, ही बियाणे कंपन्यांच्या सोयीची दुहेरी भाषा झाली. युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम शिथिल करण्याच्या बाजूने कौल देतानाच अशा वनस्पतींवर पेटंट नको, असेही बजावले ते उगाच नव्हे.

आपल्याकडे पेटंट कायद्याचे कलम ३(जे) बियाणे व वाणांना पेटंट नाकारते. २००१चा वाण संरक्षण कायदा तर शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँडविना विकण्याचाही हक्क देतो. परंतु पेटंट बियाण्यावर नसले तरी ते घडविणाऱ्या कात्रीवर आहे. ‘क्रिस्पर’च्या मालकीवरून कॅलिफोर्निया विद्यापीठ व ब्रॉड इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षे भांडत आली आणि शेतीतील वापराच्या परवान्यांच्या नाड्या बव्हंशी कोर्टेव्हासारख्या कंपनीच्या हाती गेल्या. संशोधनासाठी सवलत मिळतेही. बियाणे बाजारात आले की हिशेब सुरू होतो.

हा हिशेब विदर्भातील कापूस उत्पादकाला नवा नाही. बीटी कापसाच्या पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाचे शुल्क दडलेले असे. त्यावरून पेटलेला मोन्सॅन्टो-नुझिवीडू वाद सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा सुनावणीसाठी पाठविला. पुढे उभयपक्षी तडजोड झाली आणि पेटंटचा मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला.

कटकच्या भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ‘टीएनपीबी’ प्रथिनावर आधारलेले स्वदेशी साधन घडविले आणि २०२५ मध्ये त्याला भारतीय पेटंटही मिळाले, ही म्हणूनच महत्त्वाची घटना. तथापि पहिले दोन वाण ‘क्रिस्पर’चेच आहेत. त्यांच्या परवान्याच्या अटी पेरणीपूर्वीच जाहीर करणे, हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कृषी संशोधन परिषदेचे पहिले काम ठरते.