उंदीर आला, गजानन राहिला

गेल्या फाल्गुनात आमच्या कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, समोसे आणि भाषणे हे सर्व यथासांग पार पडल्यावर त्यांच्यापुढे एक छापील पान ठेवण्यात आले. मथळा होता 'ज्ञान-हस्तांतरण'. मथळ्याखाली चार रकाने होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीचे सार त्यांनी पाच मिनिटांत त्या चार रकान्यांत भरले, सही केली, आणि शाल सांभाळीत ते रिक्षात जाऊन बसले. पुढे तीन महिन्यांनी एका दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. यजमानांच्या सर्व्हिस बुकात तिचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे. असली प्रकरणे पूर्वी कशी निकालात निघाली, कोणत्या आदेशाचा आधार घेतला गेला, हे त्या वृद्ध सहकाऱ्यांना तोंडपाठ होते. चार रकान्यांत त्याचा मागमूस नव्हता. त्या बाईंनी आठ हेलपाटे घातले. अखेर आम्हीच त्यांच्या घरी फोन केला. त्यांनी वर्ष सांगितले, कपाट सांगितले, कपाटातला खणही सांगितला. बोलणे दोन मिनिटांचे झाले.

हा प्रसंग आम्ही वरिष्ठांच्या कानी घातला तेव्हा त्यांनी प्रसन्नपणे सांगितले की चिंतेचे कारण उरलेले नाही. सर्व जुन्या नस्त्या स्कॅन होतील, यंत्राच्या पोटात जातील, आणि पुढील कारकुनाने प्रश्न विचारावा, यंत्र उत्तर देईल. याचे नाव 'नॉलेज मॅनेजमेंट'. सरकारी कचेऱ्यांतून सध्या हे मत वेदवाक्यासारखे मानले जाते, आणि याच मताशी आमचा वाद आहे.

वाद यंत्राशी नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. आम्ही ई-ऑफिसवर रोज नस्त्या सरकवितो आणि आवक-जावक रजिस्टरांची धूळ आठवून सुखावतो. पण ज्या 'माउस'वर आमचा उजवा हात दिवसभर विसावलेला असतो, तो ज्याच्या कल्पनेतून निघाला त्या डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाचे म्हणणे काय होते, हे आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? १९६२ साली त्याने मानवी बुद्धीचे सामर्थ्य कसे वाढवावे यावर एक विस्तृत अहवाल लिहिला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्कोच्या सभागृहात त्याने त्याचे प्रात्यक्षिकही दाखविले. पडद्यावरचा मजकूर, त्यात फिरणारा तो लाकडी उंदराचा वंशज, आणि दूरच्या प्रयोगशाळेत बसलेला सहकारी त्याच मजकुरावर त्याच क्षणी काम करीत असलेला, हे पाहून जाणते लोक थक्क झाले. एंगलबार्टला मात्र उंदराचे कौतुक नव्हते. त्याचा प्रश्न असा होता की जगापुढच्या अडचणी एका डोक्याला पेलेनाशा झाल्या असता अनेक डोक्यांनी मिळून विचार कसा करावा? यालाच तो सामूहिक बुद्धी म्हणे. त्याचे आग्रहाचे प्रतिपादन हे की माणसांची वागण्याची, बोलण्याची, चुका कबूल करण्याची रीत आणि हातातले साधन, ही दोन्ही बरोबरीने बदलली पाहिजेत. नुसते साधन बदलून भागत नाही. त्याच्या प्रयोगशाळेत टिपणे, आक्षेप, दुरुस्त्या क्रमांक देऊन जपल्या जात, आणि मागाहून येणारा त्यांवर बोट ठेवून पुढचे लिही. निर्णय काय झाला याबरोबर तो का झाला हेही त्यामुळे शिल्लक राहत असे.

जगाने काय केले? उंदीर उचलला. एंगलबार्टच्या प्रयोगशाळेचा पैसा सत्तरीच्या दशकात आटला, आणि ट्यूरिंग पारितोषिक त्याला मिळाले ते १९९७ साली. गजाननाचे वाहन तेवढे आम्ही टेबलावर बांधून घेतले. विद्येची देवता दाराबाहेरच राहिली.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेतले खूळ, आमच्या लाल फितीला ते काय कामाचे? आमचे उत्तर असे की आमच्या लाल फितीला ते फार पूर्वीच ठाऊक होते. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीची पुस्तिका उघडून पाहावी. तिच्यात 'स्टँडिंग गार्ड फाईल' आहे, 'प्रिसिडंट बुक' आहे, आणि 'स्टँडिंग नोट' आहे. एखाद्या विषयाचे धोरण कसकसे घडत गेले, कोठे वळले, याची सतत वाढत जाणारी टिपणी म्हणजे स्टँडिंग नोट. नव्या माणसाला ती वाचून विषय कळावा हाच तिचा हेतू. वाचकांपैकी बहुतेकजण केंद्र सरकारचेच मीठ खातात. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे, आपल्या सेक्शनमध्ये अशी नोट शेवटची केव्हा लिहिली गेली? जे कोणी लिहिलेच नाही, ते स्कॅन करून यंत्राला भरविणार कसे? कागदावर 'आदेशानुसार कार्यवाही व्हावी' एवढेच असेल तर कितीही हुशार यंत्र तेच सुबक भाषेत परत करील.

येथे दोष एकट्या वरिष्ठांवर ढकलून मोकळे होता येत नाही. आपण कारकून मंडळीही काही कमी नाही. आपल्यावाचून गाडा अडतो याचा एक गुप्त आनंद आपल्याला असतो. जुना आदेश आपल्या खणात ठेवायचा, शेजाऱ्याने विचारले की 'बघून सांगतो' म्हणायचे, आणि साहेबांनी विचारले की अलगद काढून द्यायचा. बदलीचा हुकूम येतो तेव्हा ती किल्ली आपल्याबरोबर जबलपूरला किंवा भोपाळला जाते, आणि तेथे ती कोणत्याच कुलपाला लागत नाही. आम्हीही हे केलेले आहे.

उलट उदाहरण हवे असेल तर ते फार दूर नाही. भिलाईहून सुमारे ३० किलोमीटरवरच्या रायपुरात १८८४ साली श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले. कॉर्नेलची डॉक्टरी मिळवून आलेल्या या गृहस्थाने कोणतेही सरकार पाठीशी नसताना वर्गणीदार जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले. आम्हाला त्याहून मोलाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहून ठेवला; आमच्या भाषेत सांगायचे तर काम आटोपल्यावर त्यांनी चार्ज दिला. आणि ज्ञानकोशाच्या कचेरीत तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्धीस नेला. कोश संपला तरी कोश करण्याची विद्या संपली नाही, कारण ती एका टेबलाशी बसलेल्या माणसांत वाटली गेली होती.

आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या धुराड्यांनाही हे ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. सोव्हिएत तज्ज्ञांनी केवळ नकाशे धाडले असते तर ती चालली असती काय? आमचे अभियंते तिकडे शिकून आले, आणि येथे त्या तज्ज्ञांच्या खांद्याला खांदा लावून भट्टीपाशी उभे राहिले. आजही पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला भट्टीची तब्येत सांगतो. लोखंडाचा चार्ज दर पाळीला तोंडी आणि लेखी दिला जातो. माणसांच्या पेन्शनचा चार्ज मात्र एका छापील पानावर!

म्हणून आमचे मागणे यंत्रापूर्वीचे आहे. निवृत्त होणारा आणि त्याच्या जागी येणारा यांना निदान पंधरा दिवस एका टेबलाशी बसू द्यावे. स्टँडिंग नोट ज्याच्या हातात विषय आहे त्यानेच, आपल्या नावानिशी लिहावी, आणि कनिष्ठालाही तीत दुरुस्ती करण्याची मुभा असावी. या लिहिण्याला लागणारा वेळ काम म्हणून मोजला जावा. एंगलबार्टने नेमून दिलेले काम आणि ते काम सुधारण्याचे काम असे दोन वेगळे भाग कल्पिले होते. आमच्या मासिक तक्त्यात दुसऱ्यासाठी रकानाच नाही. हे झाल्यावर यंत्र खुशाल आणावे. त्याला खाऊ घालण्याजोगे काही तरी तेव्हा असेल.

गेल्या महिन्यापासून आम्ही आमच्या विषयाची नोट, अर्थात हिंदीत, लिहावयास घेतली आहे. पहिले प्रकरण त्या बाईंचेच आहे. त्यांचे निवृत्तिवेतन आता सुरू झाले. शेजारच्या टेबलावरच्या तरुण छत्तीसगढी सहकाऱ्याने तिसऱ्या पानावर आमची एक ढोबळ चूक काढली आणि पेन्सिलीने दुरुस्त करून खाली आपली सही केली. वरिष्ठांनी वही चाळली, लेखन नीटनेटके आहे असे म्हटले, आणि विचारले, "पण हे तुम्ही दाखवणार कोणत्या सदरात?"