पेटीवरील खूण आणि वहीतील पहिली नोंद

रत्नागिरीचे नाव लागलेल्या प्रत्येक पेटीत रत्नागिरीचाच हापूस असतो, असे छातीठोकपणे सांगणारा ग्राहक मुंबई-पुण्यात क्वचितच आढळेल. कर्नाटकातील दिसायला सारखे फळ कोकणच्या नावाने खपविले जाते, ही बागायतदारांची तक्रार जुनीच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु कायदा पेटीच्या आत डोकावत नाही. म्हणून क्यूआर संकेताचे स्टिकर आले, आणि त्याही पुढे जाऊन आता ‘ब्लॉकचेन’चा उपाय सुचविला जातो.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या संगणकांवर एकाच वेळी जपली जाणारी सामाईक खातेवही. तीत एकदा झालेली नोंद कोणा एकाला गुपचूप खोडता येत नाही. अमेरिकेतील वॉलमार्ट व आयबीएम या कंपन्यांच्या चाचणीत, कापलेल्या आंब्याचे मूळ शोधण्याचे जवळजवळ ७ दिवसांचे काम २.२ सेकंदांत झाले. कामगिरी थक्क करणारी खरीच. मात्र तेथील प्रश्न विखुरलेल्या नोंदी जुळविण्याचा होता. येथील प्रश्न मुळातली नोंद खरी असण्याचा आहे. आणि खोटी नोंदही ही वही तितक्याच निष्ठेने जपते!

या बाबतीत द्राक्षांचा अनुभव बोलका आहे. २००३ साली कीटकनाशकांच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडचणीत आली. त्यानंतर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ उभारले. तीत ब्लॉकचेन नव्हती, साधी मध्यवर्ती नोंदवही होती. तरीही ती रुजली. कारण बागेची नोंदणी व प्रयोगशाळेचा दाखला यांवाचून युरोपला माल रवानाच होत नसे. तिचीही मर्यादा २०१० साली उघडी पडली. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक रसायनाचा अंश आढळल्याने युरोपात द्राक्षे अडली; त्या रसायनाची तपासणीच आपल्या यादीत नव्हती. नोंदवहीला जे विचारले नव्हते, ते ती सांगणार कोठून?

हापूसच्या देशांतर्गत व्यापारात अशी सक्तीही नाही आणि दाखलाही नाही. अनेक बागा मोहोर येण्यापूर्वीच कराराने दिल्या जातात. वाशीच्या व्यापाऱ्याची उचल घेतलेला बागायतदार मालाच्या पुढील प्रवासाविषयी फारसे बोलू शकत नाही. वाशीहून पेटी किरकोळ विक्रेत्याकडे जाते, तेथे ती फुटते आणि फळ डझनावर विकले जाते. खरी कसोटी त्याआधीची, बागेतील आहे. स्टिकर किती द्यावयाचे, हे कलमांची संख्या आणि त्या वर्षीचे पीक प्रत्यक्ष पाहून ठरले पाहिजे. हापूस एक वर्षाआड भरघोस धरतो. कमी पिकाच्या वर्षी पूर्ण पिकाचे स्टिकर वाटले, तर उरलेले कोणत्या फळावर चिकटतील हे सांगण्यास संगणक लागत नाही.

आणखी एक अडचण सातबाऱ्याची. कोकणात एकेका उताऱ्यावर अनेक सहहिस्सेदार, त्यांतील कित्येक मुंबईत. नोंदणीसाठी हाच उतारा मागितला की वीस-पंचवीस कलमांचा धनी मागे राहतो आणि मोठा बागायतदार पुढे जातो. स्टिकरचा व तपासणीचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि अस्सल फळाला मिळणाऱ्या चढ्या भावातील किती रुपये त्या लहान बागेपर्यंत पोहोचावयाचे, हे ठरल्याशिवाय तो मनुष्य नव्या वहीत आपले नाव घालावयास का यावा?