आधी कोणाची मुले?

इस्रायली आणि पॅलेस्टिनी, दोन्हीकडच्या मुलांसाठी मदत गोळा करावी आणि ती समेटासाठी झटणाऱ्या तिथल्याच माणसांच्या हाती द्यावी, असे म्हणणाऱ्या मराठी मंडळींची एका विद्वान गृहस्थांनी अलीकडे बरीच हजेरी घेतली आहे. त्यांचे म्हणणे चार आक्षेपांत सांगता येते. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे. लालबाग-परळच्या पोरांची फी भरायला पैसे नाहीत आणि हे निघाले गाझाला. दोन्हीकडच्या मुलांना एका पंगतीला बसवतो त्याच्यात बाजू घेण्याची हिंमत नसते. पोरांना एकत्र गाणी म्हणायला लावून युद्धे थांबत नाहीत. आणि पैसा तिथे पोहोचतच नाही. चारही आक्षेप ठसक्यात मांडलेले आहेत आणि अशा ठसक्याला टाळ्या लवकर मिळतात. पण यांतला पहिला आक्षेप मुळावरचा आहे. बाकीचे तीन त्याच्याच आधाराने उभे आहेत. त्याचा समाचार सविस्तर घ्यायला हवा.

‘आधी घरचे’ या दोन शब्दांत क्रम सांगितल्याचा भास होतो. क्रम असेल तर ‘आधी’च्या पाठोपाठ ‘मग’ यायला हवे. इतक्या मुलांची फी भरली, इतक्यांच्या पोटाची सोय झाली, की मग बाहेरच्यांकडे वळू, असे काहीतरी. हे ‘मग’ आक्षेपकांच्या लिखाणात शोधूनही सापडत नाही. महाराष्ट्राला या ‘आधी’ची ओळख जुनी आहे. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या वादात एकोणिसाव्या शतकातली आपली बुद्धी किती खर्ची पडली! स्वराज्य आले की सुधारणा आपोआप होतील, असे सांगून विधवांना, अस्पृश्यांना आणि शाळेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलींना थांबायला सांगितले गेले. जे थांबले नाहीत, ज्यांनी त्याच शतकात शाळा काढल्या, शेणाचे गोळे झेलले, त्यांच्यामुळे आपण आजच्या जागी आलो. ‘आधी’ म्हणणाऱ्यांमुळे नव्हे. हा वाद आता निकालात निघाला असे वाटत होते. तोच शब्द आता युद्धातल्या मुलांच्या विरोधात पुन्हा वापरला जातो आहे.

परळच्याच मुलांचे नाव घेतले आहे, तर परळचाच दाखला पाहू. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेगचे निदान झाले. त्यानंतर वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. हे ओडेसात जन्मलेले ज्यू. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत, अपुऱ्या साधनांनिशी त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला घाबरत होते. टोचून घेतले तर धर्म बुडेल, टोचल्यावर माणूस मरेल, अशा अफवा होत्या. त्या वेळी त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले? खोजा इस्माइली मुसलमानांचे तरुण इमाम आगाखान. त्यांनी हाफकिनना कामासाठी जागा दिली, लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या जमातीतल्या हजारो माणसांना तयार केले. १८९९मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली आणि १९२५पासून तिला त्यांचेच नाव आहे. परळला राहणारा प्रत्येक जण त्या फाटकावरून जातो. त्याच काळात ओडेसात ज्यूंची घरे सुखात होती, असे कोणी समजू नये. तिथल्या ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले होते, आणि तरुणपणी आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिल्याबद्दल हाफकिन यांनी अटकही सोसली होती. ‘आधी घरचे’ हा न्याय त्यांनी स्वतःला लावला असता, तर मुंबईच्या चाळींतल्या किती मुलांनी पुढची दिवाळी पाहिली असती? एक ज्यू शास्त्रज्ञ आणि एक मुसलमान इमाम मिळून या शहरातली हिंदू, मुसलमान, पारशी मुले वाचवतात, हा आपल्या गिरणगावचा इतिहास आहे. तो माहीत असूनही ‘आपला काय संबंध’ असे विचारणाऱ्याला मी अज्ञानी म्हणणार नाही. त्याला इतिहास माहीत आहे, पण त्यातले ऋण मान्य करायचे नाही.

संबंध याहूनही जवळचा आहे. कोकणातले बेने इस्रायली ज्यू, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणत आलो, त्यांची मातृभाषा मराठी. महालक्ष्मी-वरळीच्या ज्या रस्त्यावरून आपण रोज जातो तो रस्ता मुंबईचे महापौर झालेल्या डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा, आणि ते याच समाजातले. या समाजातले हजारो लोक १९४८नंतर इस्रायलला गेले. तिथे त्यांना मानाने घेतले असेही नाही. आपण पुरते ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला त्यांना १९६४पर्यंत झगडावे लागले. ऑक्टोबर २०२३मध्ये इस्रायलच्या अश्दोद शहरावर अग्निबाण पडत होते, तेव्हा भोंगा वाजताच तळघराकडे धावणाऱ्या मुलांत घरी मराठी बोलणाऱ्या आज्यांची नातवंडे होती. आणि दुसरीकडे? जेरुसलेमच्या जुन्या शहरात बाबा फरीद यांच्या नावाचा हिंदुस्थानी मुसाफिरखाना शतकानुशतके उभा आहे, आणि एक पॅलेस्टिनी-भारतीय कुटुंब १९२४पासून तो सांभाळत आले आहे. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत सरकार दर वर्षी ५० लाख डॉलर देत आले आहे. सरकारने दोन्ही देशांशी संबंध ठेवलेले चालतात. मग नागरिकांनी दोन्हीकडच्या लेकरांशी संबंध ठेवला की त्यांच्यावर भाबडेपणाचा शिक्का का?

माझगावची सर एली कदुरी शाळा हा या सगळ्याला सर्वांत चांगला जबाब आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५मध्ये बेने इस्रायली मुलांसाठी ही शाळा काढली. समाज इस्रायलला गेला, ज्यू विद्यार्थी कमी होत गेले आणि वर्ग आसपासच्या मुसलमान मुलांनी भरले. भायखळ्याला डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या सिनेगॉगच्या आवारातल्या जेकब ससून शाळेचेही तेच झाले. विश्वस्तांना या शाळा बंद करता आल्या असत्या. ‘आमच्या पूर्वजांचा पैसा, आधी आमची मुले’ असे म्हणता आले असते. त्यांनी शाळा चालू ठेवल्या. पश्चिम आशियात युद्धामागून युद्धे झाली. माझगाव-भायखळ्यात ज्यूंनी बांधलेल्या वर्गांत मुसलमान मुलांचे गणित शिकणे थांबले नाही. कोणी याला सामान्य बाब म्हणेल. जगाच्या पाठीवर अशी सामान्य बाब आणखी कुठे आहे, ते त्याने दाखवावे.

आता घरचे थोडे असण्याबद्दल. द्वारकानाथ कोटणीस परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९३८मध्ये पाच जणांच्या पथकातून चीनला गेले. त्या वेळी त्यांचे घर, म्हणजे सोलापूर, आणि देश, म्हणजे हिंदुस्थान, दोन्ही पारतंत्र्यात होते. यापेक्षा थोडे घर कोणते? १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. ती वसाहत उभी राहिली त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. आक्षेपकांच्या हिशोबाने हे पाप ठरायला हवे. पण वळिवडे बंद केले असते, तर बंगालला एक दाणाही जास्त गेला नसता. बंगाल मेला तो सरकारच्या युद्धकाळातल्या धोरणाने, साठेबाजीने आणि बेपर्वाईने. पोलिश पोरांनी खाल्लेल्या भाकरीने नव्हे. परोपकाराची एक ठरलेली थैली असते आणि एकाला दिले की दुसऱ्याचे कमी होते, हे गृहीतच चुकीचे आहे. परळच्या मुलांची फी भरली जात नाही, कारण गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या आणि नोकऱ्या आल्या नाहीत. गाझाला एक रुपयाही न पाठवता हे सारे घडले. आणि १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी ज्या महाराष्ट्राने खाल्ल्या, त्याने तरी परक्याच्या मदतीला चैन म्हणू नये.

बाजू घेण्याबद्दल बोलू. ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि ओलीस नेलेल्यांत नऊ महिन्यांचे बाळ होते. त्यानंतर गाझात मेलेल्या मुलांची संख्या हजारांत आहे. हे आकडे सारखे नाहीत आणि ते सारखे असल्याचे ढोंग कोणी करू नये. दोन्हीकडच्या मुलांना मदत करायची म्हणजे थैलीचे दोन समान वाटे पाडायचे, असा अर्थ होत नाही. जखम मोठी तिथे मदत मोठी. गुन्हेगार कोण यावर ज्याला मत असेल त्याने ते ठामपणे मांडावे. पण गुन्ह्याची शिक्षा गुन्हेगाराच्या जातभाईंच्या लेकरांना द्यायची नसते, हे मुंबईने २००८च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी जगाला दाखवले आहे. नरिमन हाउसमध्ये आईबाप मारले गेलेल्या दोन वर्षांच्याही आतल्या मोशेला त्याची भारतीय दाई सँड्रा सॅम्युएल हिने उचलून बाहेर आणले. आणि गिरगावला लागून असलेल्या मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी त्या मारेकऱ्यांना दफनाची जागा नाकारली. मुसलमानांनीच मारेकऱ्यांना आपले मानायला नकार दिला. बाजू घ्यायचीच, तर अशी घ्यावी.

शांतताकार्याने काही होत नाही, या आक्षेपाला भिवंडीचे उत्तर पुरे आहे. १९७० आणि १९८४मध्ये दंगलीने होरपळलेले हे गाव १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिले. तिथे १९८८पासून पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या शेजाऱ्यांना मोहल्ला समित्यांत समोरासमोर बसवले होते. मुंबईत अशा समित्या दंगलीनंतर आल्या, माणसे मेल्यावर. ऑगस्ट २०२४मध्ये गाझात २५ वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला, दहा महिन्यांचे बाळ. मग ज्यांना कोणीही थांबवू शकले नव्हते, त्यांनी काही तासांपुरती का होईना बंदूक खाली ठेवली आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस दिले गेले. युद्ध थांबले नाही हे खरे. तेवढ्या मुलांना पांगळे करणाऱ्या रोगापासून संरक्षण मिळाले हेही खरेच आहे, आणि हा आकडा मला आक्षेपकांच्या वाक्यापेक्षा वजनदार वाटतो. पैसा पोहोचत नाही म्हणाल, तर खोटी पावती फाडणारा आपल्या गल्लीतही सापडतो; म्हणून आपण वर्गणी बंद करत नाही, हिशोब मागतो.

तेव्हा करायचे काय? दोन्ही समाजांची माणसे जिथे एकत्र राबतात, तिथे द्यावे. अशी कामे तिथे आहेत. १९९५पासून दोन्हीकडची, युद्धात आपले माणूस गमावलेली कुटुंबे ‘पेरेंट्स सर्कल’ या संस्थेत एकत्र येतात. हिब्रू आणि अरबी दोन्ही भाषांत शिकवणाऱ्या ‘हँड इन हँड’च्या शाळा १९९८पासून चालू आहेत. २०१०मध्ये सुरू झालेल्या ‘रोड टू रिकव्हरी’चे इस्रायली स्वयंसेवक आजारी पॅलेस्टिनी मुलांना नाक्यावरून आपल्या गाडीत घेऊन रुग्णालयात पोहोचवतात. याच कामात असलेल्या व्हिव्हियन सिल्व्हर ७ ऑक्टोबरला बेरी किबुत्झमध्ये मारल्या गेल्या. त्यानंतरही वेस्ट बँकेच्या मुलांसाठी गाड्या निघत राहिल्या.

भारतातल्या न्यासाला परदेशात खर्च करताना करसवलतीचे नियम आडवे येतात, हे मान्य. पण इथेच करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. हात-पाय गमावलेली मुले गाझात मोठ्या संख्येने आहेत, आणि कृत्रिम अवयव बनवणारी केंद्र सरकारची संस्था हाजी अलीला १९५५पासून उभी आहे. वाडिया, केईएम, टाटा ही रुग्णालये परळच्याच टापूत आहेत. तिकडून काही मुले, दोन्हीकडची, उपचारासाठी मुंबईत आणावीत, अशी मागणी सरकारकडे करता येईल. त्यांच्या आयांच्या राहण्याजेवणाची जबाबदारी लालबाग, परळ, दादर आणि गिरगावच्या मंडळांनी घ्यावी. दहा दिवसांच्या उत्सवात लाखोंच्या रांगा सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना वीस मुलांचा सांभाळ जड नाही. यंदाच्या वर्गणीची पावतीपुस्तके छापायला जाण्याआधी ज्या मंडळाला हे पटेल, त्याने तसा ठराव करून मंत्रालयात पाठवावा.